दोन नद्यांच्या मधले बाळापूर

वऱ्हाडात समुद्र नाही. नाव हाकावी अशी मोठी नदीही आपल्या बहुतेक गावांजवळून जात नाही. मग पाण्याच्या काठाने दिवसभर हिंडावे, असे गाव आपल्याकडे कोठे आहे? आम्हाला कोणी विचारले, तर आम्ही बाळापूरचे नाव सांगू.

बाळापूर हे अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. अकोल्यापासून ते पंचवीस-सव्वीस किलोमीटर आहे. मुंबईहून नागपूरला जाणारा मोठा रस्ता येथून जातो. आगगाडीने यायचे तर पारस स्टेशन जवळ पडते. गावाला दोन नद्या आहेत. एकीचे नाव मन. दुसरीचे नाव म्हैस. हिला महेश नदी असेही म्हणतात. या दोघी बाळापुरात एकमेकींना भेटतात. दोन नद्यांच्या मध्ये उंच जागा आहे आणि त्या जागेवर किल्ला आहे. किल्ल्याच्या पायथ्याशी बाळादेवीचे देऊळ आहे. या देवीवरून गावाला बाळापूर नाव पडले, असे सांगतात.

माघ महिन्यात आम्ही अकरा जण बाळापूर पाहायला गेलो. सगळे वाचनवर्गातले सोबती. सात जण अकोल्याकडचे, चार जण अमरावती जिल्ह्यातले. कापूस घरात आला होता. तुरीचे खळे झाले होते. अंगावर मोठे काम नव्हते. तरी घरून निघताना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला गेला.

"काय काम काढलं बाळापुरात?"

"काई नाई."

"मंग कायले चालले?"

"पाह्यले."

हे उत्तर ऐकून माणसे हसली. आमच्यातल्या काकू मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी आजवर गाव सोडलं ते लग्नाले, मयतीले, नाई त दवाखान्यात. पाह्यले म्हनून कोठीच नाई गेली." काकूंचे वय पंचावन्न आहे.

अकोल्याला एस. टी. मध्ये बसलो. कंडक्टरने तिकिटे फाडून हातात दिली. मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एस. टी. मध्ये बायांना अर्धे तिकीट आहे. काकूंनी आपले तिकीट डोळ्यांजवळ धरले. मग शेजारच्या काकाजींचे तिकीट मागून घेतले. दोन्ही आकडे वाचले. "बराबर हाय," त्या म्हणाल्या आणि दोन्ही तिकिटे पदराच्या गाठीला बांधली. काकाजींना आपले तिकीट परत मागावे लागले.

काकाजी बाळापूर तालुक्यातलेच. चाळीस वर्षे ते या गावी येत आहेत. कधी सातबाऱ्यासाठी, कधी पिकाच्या पैशासाठी, कधी भावकीच्या भांडणापायी. "तहसिलीच्या खेपा मोजल्याच नाई," ते म्हणाले. "अंगठा द्याचा अन् येस्टीत बसाचं. किल्ला दिसे. पन आत कोन जाईन?"

गावातले एक गुरुजी आमची वाट पाहत उभे होते. ते आम्हाला आधी किल्ल्याकडे घेऊन गेले.

दारापाशी सरकारी फलक आहे. तो वाचायला आम्हाला बराच वेळ लागला. कोणाला घाई नव्हती. काकाजींनी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवले. "सं-र-क्षि-त. संरक्षित." गुरुजींनी अर्थ सांगितला. संरक्षित म्हणजे राखलेले. या किल्ल्याची राखण केंद्र सरकारचे पुरातत्त्व खाते करते. पुरातत्त्व खाते म्हणजे जुन्या वास्तू सांभाळणारे खाते. त्यासाठी १९५८ चा कायदा आहे. अशा वास्तूची कोणी मोडतोड केली, तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्हीही.

किल्ला विटांचा आहे. डोंगरी किल्ले दगडाचे असतात. हा मात्र सपाट मुलखातला, काळ्या मातीतला किल्ला. याच्या भिंती अशा उंच आणि जाड आहेत की मान वर करून पाहावे लागते. विटा चांगल्या भाजलेल्या. आमच्यातल्या एका भाऊंनी वीटभट्टीवर पुष्कळ वर्षे काम केले आहे. त्यांनी भिंतीवर हात फिरवला आणि नखाने वीट वाजवून पाहिली. "आवाज आयका," ते म्हणाले. "कच्ची वीट अशी वाजत नाई." मग वीट कशी थापतात, भट्टी कशी रचतात, मधोमधची वीट चांगली आणि कडेची कच्ची का राहते, हे त्यांनी आम्हाला सांगितले. गुरुजीही ऐकत उभे राहिले.

आत जायला एकामागून एक तीन दरवाजे आहेत. वाट सरळ नाही, वळत जाते. जुन्या काळी दरवाजा फोडायला हत्ती आणत. हत्तीला जोराने धावत यायला सरळ वाट लागते. वळणावर त्याचा जोर मोडतो. शिवाय वळणावर अडलेल्या शत्रूला वरून मारता येते. एवढे कळल्यावर आमच्यातला प्रत्येक जण त्या वळणावर थांबून मागे-पुढे पाहू लागला.

हा किल्ला कोणी बांधला? सरकार प्रत्येक जिल्ह्याच्या माहितीचे जाडजूड पुस्तक काढते. त्याला गॅझेटियर म्हणतात. त्यात याची नोंद आहे. औरंगजेब बादशहाचा मुलगा आझमशहा याने किल्ला बांधायला घेतला. पुढे १७५७ मध्ये एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने तो पुरा केला. एलिचपूर म्हणजे आपल्या अमरावती जिल्ह्यातले अचलपूर. हे कळताच अमरावतीकडच्या सोबत्यांनी मिशांवरून हात फिरवला. इंग्रजांच्या अमलात या किल्ल्यात सरकारी कचेऱ्या भरत.

उंचावरून पाहिले की दोन्ही नद्या दिसतात. माघात त्यांना पाणी बेताचे. कोठे डबकी, कोठे वाळू, कोठे हिरवे शेवाळ. वरच्या अंगाला खामगाव तालुक्यात मन नदीवर धरण झाले आहे. पावसाळ्यात मात्र नद्या फुगतात. पूर आला म्हणजे किल्ल्याच्या भोवती पाणी होई आणि एकच बाजू कोरडी राही, असे जुन्या पुस्तकात लिहिले आहे. म्हणजे खंदक खणायचा खर्च नद्यांनीच वाचवला.

येथे एक गोष्ट घडली, ती सांगतो. किल्ल्याच्या भिंतीवर लोकांनी आपापली नावे लिहिली आहेत. कोणी कोळशाने, कोणी खिळ्याने कोरून. वीटभट्टीवाले भाऊ ती नावे वाचत चालले होते. वाचता वाचता त्यांनी खालून विटेचा एक तुकडा उचलला. त्यांना लिहायला येऊ लागले, त्याला जेमतेम सहा महिने झाले आहेत. ते आपले नाव घराच्या दारावर लिहितात, पोत्यावर लिहितात, फावड्याच्या दांड्यावर लिहितात. हात भिंतीकडे गेला. काकू मागून बोलल्या, "अवं भाऊ, फलक कोनं वाचला?" भाऊंनी हात खाली घेतला. तुकडा टाकला नाही, खिशात ठेवला.

किल्ला उतरून आम्ही नदीच्या पात्रात आलो. वाळू पाहताच भाऊ खाली बसले. त्यांनी बोटाने आपले पुरे नाव लिहिले, बापाच्या नावासकट. मग काकूंनी लिहिले. मग सगळ्यांनीच लिहिले. काकाजींनी नावाखाली गाव, तालुका, जिल्हाही लिहिला. अकरा नावांची ओळ झाली. थोड्या वेळाने म्हशींचा एक कळप पाण्याकडे आला आणि नावांवरून चालत गेला. "म्हैस नदीच्याच म्हशी त्या," गुरुजी म्हणाले. काकाजी म्हणाले, "जाऊ द्या. पुन्हा लिवता येते."

आमच्यासोबत दोन तरुण पोरे होती. त्यांना डोहात उडी मारायची होती. गुरुजींनी साफ नाही म्हटले. नदीतून वाळू काढून नेतात. तेथे खड्डे पडतात. वरून पाणी गुडघाभर दिसते आणि पाय टाकला की माणूस गळ्यापर्यंत जातो. खाली गाळ असतो, त्यात पाय रुततो. दरसाल अशा खड्ड्यांत आपल्याकडची पोरे जातात. तेव्हा अनोळखी पाण्यात शिरायचेच असेल, तर आधी काठावरच्या माणसाला विचारावे. विचारायला कोणी नसेल, तर काठावर बसावे. आमची पोरे काठावर बसली. थोडी रुसली, पण बसली.

गावाच्या दक्षिण अंगाला नदीकाठी छत्री आहे. छत्री म्हणजे पावसातली नव्हे बरे का! चारी बाजूंनी मोकळी, कमानींची, वर घुमट असलेली दगडी इमारत. ही पंचवीस फूट लांब, तितकीच रुंद आणि तेहतीस फूट उंच आहे. मिर्झाराजे जयसिंग यांनी ती बांधवली.

हे जयसिंग कोण? शिवाजी महाराजांची गोष्ट आपण ऐकली आहे. १६६५ मध्ये पुरंदरचा तह झाला. महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. तो तह करणारे मोगलांचे सेनापती म्हणजे हे जयसिंग. ते राजस्थानातल्या आमेरचे राजे होते. १६६७ मध्ये दक्षिणेतून परत जाताना बऱ्हाणपूरला त्यांचा अंत झाला.

शिवाजी महाराजांच्या घराशी बाळापूरचा संबंध त्यानंतरही आला. महाराज आग्र्याहून सुटून आले. १६६७-६८ च्या सुमारास मोगलांशी पुन्हा तह झाला. त्या वेळी संभाजीराजे दहा-अकरा वर्षांचे होते. त्यांच्या नावे वऱ्हाडात जहागीर दिली गेली. तीत बाळापूरचा परगणा होता. परगणा म्हणजे आजच्या तालुक्यासारखा मुलूख. महाराजांची माणसे वसुलाला वऱ्हाडात आली. हा तह फार दिवस टिकला नाही. दोनएक वर्षांत मोडला.

हे ऐकून काकाजी उभे राहिले. "म्हनजे आमच्या गावचा सारा संभाजीराजाले गेला?" गुरुजी म्हणाले, "तुमचे गाव तेव्हा या परगण्यात असेल, तर गेला असेल." काकाजींनी हे उत्तर मनात घोळवले. आमच्या मते त्यांनी त्यातला 'असेल' मनावर घेतला नाही.

छत्रीच्या पायाला एकदा मोठ्या पुराने इजा केली होती. मागून पाया दुरुस्त केला. नदी किती वर चढत असेल, याचा अंदाज त्यावरून येतो.

या पाण्याने एकदा मोठ्या फौजाही अडवल्या आहेत. ते साल १७२०. पावसाळ्याचे दिवस. एकीकडे निजाम, दुसरीकडे आलमअलीखान. आलमअलीच्या बाजूला मराठ्यांची फौजही होती. पूर्णा नदी दुथडी भरून वाहत होती. कोणालाच पार होता येईना. निजामाच्या माणसांनी बाळापूरच्या बाजूला उतार शोधून काढला. उतार म्हणजे पायी पार होता येईल अशी जागा. फौज पार झाली. पण पाऊस थांबेना. चिखलाने माणसांचे आणि जनावरांचे हाल झाले. दाणागोटा महाग झाला. आपल्याला हे समजावून सांगायला नको. श्रावणात काळ्या रानातून गाडी काढून पाहा! ऑगस्ट महिन्यात बाळापूरजवळ लढाई झाली. आलमअली मारला गेला. चार वर्षांनी, १७२४ मध्ये, बुलढाण्याकडे साखरखेर्ड्याला निजामाने आणखी एक लढाई जिंकली आणि तो दक्षिणेचा धनी झाला. पुढे १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला.

दुपारी सावलीला शिदोऱ्या सोडल्या. भाकर, ठेचा, तुरीच्या सोल्यांची भाजी, कांदा. अमरावतीकडच्या सोबत्यांनी संत्री आणली होती. पाणी मात्र गावातून भरून आणले. नदीचे पाणी आता पिण्याजोगे नाही. गावाचे सांडपाणी त्यात येते.

दर्यापूरकडच्या एक वहिनी आमच्यासोबत होत्या. जेवताना त्या बोलत नव्हत्या. नुसत्या पाण्याकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, "तुमच्या गावाले दोन दोन नद्या. अन् आमच्याकडं विहीर खंदली का खारं पानी. गावाचं नाव दर्यापूर, अन् पानीबी दर्यासारखंच!"

सगळे हसले. पण गोष्ट हसण्याची नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तेथे जमिनीच्या पोटात क्षार आहेत. क्षार म्हणजे मीठ आणि मिठासारखे पदार्थ. विहिरीला आणि बोअरला पाणी लागते, पण ते खारे. डाळ शिजत नाही. साबणाला फेस येत नाही. त्या पाण्याने शेत भिजवले, तर जमीन चिबड होते. असे पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांत मूत्रपिंडाचे रोगही आढळतात. मूत्रपिंडे म्हणजे रक्त गाळून लघवी तयार करणारे अवयव. बाळापूर तालुक्यातलीही बरीच गावे या पट्ट्यात आहेत. अशा मुलखात गोडे पाणी नदीचे, पावसाचे किंवा दुरून नळाने आणलेले. पूर्वी माणसे नदी धरून का राहिली, हे वहिनींना कोणी शिकवावे लागले नाही. त्यांनी विचारले, "मंग एवढी गोडी नदी हातात असून तिच्यात गटार कायले सोडता?" गुरुजींनी उत्तर दिले नाही. ते गावातल्या लोकांना हेच विचारत असतात, असे मागून कळले.

नदीवर आणखी एक धंदा या गावात चालत असे. आम्हा वाचणाऱ्यांना तो फार आवडला. पूर्वी बाळापुरात हाताने कागद करीत. हातकागद कसा होतो, ते गुरुजींनी सांगितले. जुन्या चिंध्या, गोणपाट, दोरखंड जमवायचे. ते चुन्याच्या पाण्यात भिजवून कुजवायचे. मग कुटायचे. मग धुवायचे. पुन्हा कुटायचे, पुन्हा धुवायचे. यालाच पाणी लागते, आणि ते भरपूर लागते. शेवटी पेजेसारखा लगदा होतो. तो हौदात कालवायचा. बारीक काड्यांची चाळण त्यात बुडवून सपाट वर काढायची. पाणी गळून जाते आणि चाळणीवर पातळ साय राहते. ती साय म्हणजे कागद. तो भिंतीवर चिकटवून वाळवायचा. वर खळ लावायची, म्हणजे शाई फुटत नाही. मग गुळगुळीत दगडाने घोटायचा.

यंत्राचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला.

काकूंच्या पिशवीत त्यांची वही होती. त्यांनी ती बाहेर काढली. एक पान बोटांच्या चिमटीत धरून उन्हाकडे केले. आतले तंतू दिसतात का ते पाहिले. वही हातोहात फिरली. "गोनपाटाचा कागद होते," एक पोरगा म्हणाला, "अन् आमी पोतं फाटलं का चुलीत घालतो."

ऊन कलले. आम्ही पुन्हा संगमावर आलो. येथे कोणालाच बोलायचे नव्हते. दोन नद्यांचे पाणी एकत्र होते, ते पाहत बसलो. एकीचे पाणी जरा गढूळ, दुसरीचे जरा निवळ. थोडे अंतर ती शेजारी शेजारी चालतात. मग ओळखू येत नाहीत. काकू पाय सोडून वाळूत बसल्या होत्या. पायातली जोडवी त्यांनी वाळूने घासून चकचकीत केली. काकाजींनी चक्क डुलकी काढली. दिवसाउजेडी, काम नसताना, नदीच्या काठी! घरी असे कोणी पाहिले असते, तर वैद्याला बोलावले असते.

काकूंनी विचारले, "गुरुजी, हे पानी पुढं कोठी जाते?"

गुरुजींनी वाळूत काडीने रेघ ओढली. मन नदी पूर्णेला मिळते. पूर्णा पश्चिमेला जाते. जळगाव जिल्ह्यात चांगदेव म्हणून गाव आहे, तेथे ती तापीला मिळते. तापी खानदेशातून गुजरातेत जाते. सुरतेच्या पुढे समुद्र आहे. तेथे हे पाणी समुद्राला मिळते.

"म्हनजे हे आपलं पानी समुद्र पाह्यते," काकू म्हणाल्या. "अन् आपुन?"

वहिनी म्हणाल्या, "आमच्या अमरावतीवरून सुरतेले गाडी जाते ना. अकोल्यावरूनच जाते. ठेसनावर नाव लिवलेलं असन."

संध्याकाळच्या एस. टी. ने अकोल्याला आलो. अमरावतीकडच्या सोबत्यांना गाडीत बसवायला सगळेच स्टेशनवर गेलो. गाडीला अवकाश होता. काकू आणि वहिनी वेळापत्रकाच्या फलकासमोर उभ्या राहिल्या. एक वरून वाचू लागली, एक खालून. भुसावळ सापडले. जळगाव सापडले. सुरत सापडायला थोडा वेळ लागला. ती गाडी ठराविक दिवशीच सुटते, हेही त्यांनी वाचून काढले. मग काकूंनी तिकिटाच्या खिडकीवर जाऊन सुरतेचे भाडे विचारले. वही काढली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि आकडा लिहून घेतला. मागे रांग खोळंबली होती. काकूंनी आकडा पुन्हा एकदा वाचून पाहिला आणि मगच बाजूला झाल्या.